टॉन्सिल काढल्यानंतरचे पंधरा दिवस

(शेती व आरोग्य : गळ्याच्या कर्करोगावर उपचार घेणाऱ्या रुग्णासाठी व त्याच्या घरच्या मंडळींसाठी)



टॉन्सिलची शस्त्रक्रिया म्हटली की आपल्या डोळ्यांपुढे शाळकरी पोर येते. दोन दिवस आइस्क्रीम खाल्ले, चार दिवस किरकिर केली आणि पुढच्या आठवड्यात अंगणात खेळू लागले, असा आपला समज. त्यामुळे घरातल्या कर्त्या माणसाचे टॉन्सिल काढावयाचे आहेत असे डॉक्टरांनी सांगितले की "एवढेच ना?" असे म्हणून आपण निर्धास्त होतो. परंतु मोठ्या माणसाला ही शस्त्रक्रिया लहान मुलापेक्षा पुष्कळ अधिक दुखते आणि जखम भरण्यास दोन आठवडे तरी लागतात. त्यातून ती गळ्याच्या कर्करोगाच्या उपचारात झाली असेल, तर तेथे काम संपत नाही. पुढच्या मोठ्या उपचाराची ती सुरुवात असते.

आम्ही काही वैद्य नव्हे. आजाऱ्यांच्या भेटीला घरी व इस्पितळात जाताना जे पाहावयास मिळते आणि डॉक्टरांकडून जे समजून घेता येते, ते येथे सोप्या भाषेत मांडीत आहोत. प्रत्येक रोग्याची प्रकृती निराळी असते. तुमच्या डॉक्टरांनी याहून वेगळे काही सांगितले असेल तर त्यांचेच ऐकावे.

१. टॉन्सिल का काढतात?

गळ्याच्या मागील बाजूस, पडजिभेच्या उजव्या व डाव्या अंगाला मांसाच्या दोन गाठी असतात. त्यांना टॉन्सिल म्हणतात. मराठीत गिलायू असाही शब्द आहे. तोंडावाटे आत शिरणाऱ्या रोगजंतूंशी झगडण्यास त्या मदत करतात. त्या काढल्याने मोठ्या माणसाचे काही अडत नाही, कारण हेच काम करणाऱ्या इतर गाठी शरीरात पुष्कळ आहेत.

कर्करोगाच्या बाबतीत टॉन्सिल काढण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, एकाच बाजूचा टॉन्सिल वाढलेला किंवा चिघळलेला दिसतो आणि त्यात कर्करोग आहे की काय, हे तपासावयाचे असते. दुसरे, मानेत टणक गाठ येते, सुईने तपासल्यावर तीत कर्करोगाच्या पेशी सापडतात, पण मूळ कोठे आहे ते दिसत नाही. असे मूळ पुष्कळदा टॉन्सिलच्या आत दडलेले असते. तिसरे, रोग लहान असताना तो भोवतालच्या थोड्या मांसासह काढून टाकावयाचा असतो. रोग मोठा असेल तर डॉक्टर केवळ लहानसा तुकडा तपासणीला घेतात आणि किरणोपचार व औषधे यांवर भर देतात. म्हणून "शेजाऱ्याचे काढले, माझे का नाही?" अशी तुलना करू नये.

तंबाखू, गुटखा, मशेरी, विडी आणि दारू ही या रोगाची मोठी कारणे आहेत. तंबाखू आणि दारू दोन्ही असतील तर धोका कितीतरी वाढतो. परंतु तंबाखूला कधी हात न लावलेल्या माणसालाही टॉन्सिलचा कर्करोग होतो. एचपीव्ही नावाचा एक विषाणू त्यास कारण ठरू शकतो. तेव्हा आजाऱ्याच्या उशाशी बसून "तू काय काय केलेस?" अशी उलटतपासणी कोणी करू नये.

२. जखम कशी भरते?

अंगावरच्या जखमेला टाके घालून पट्टी बांधता येते. टॉन्सिलच्या जागी पट्टी बांधता येत नाही; जखम उघडीच राहते आणि खालून वर भरत येते. एक-दोन दिवसांत तिच्यावर पांढरट-पिवळट साय धरते. आरशात पाहून घरचे लोक घाबरतात, पू झाला असे समजतात. तो पू नव्हे. गुडघ्यावरच्या जखमेला जशी खपली धरते तशीच ही ओली खपली आहे. ती बोटाने, चमच्याने किंवा कापसाने काढण्याचा प्रयत्न कधीही करू नये. या दिवसांत तोंडाला दुर्गंधी येते, तीही साहजिक आहे.

दुखण्याचा क्रम आधीच माहीत असला की धीर राहतो. पहिले दोन दिवस बरे जातात, कारण इस्पितळातील औषधांचा अंमल असतो. तिसऱ्या दिवसापासून दुखणे वाढते आणि सातव्या दिवसापर्यंत जोरात राहते. सकाळी उठताना ते सर्वांत अधिक असते, कारण रात्रभर गळा कोरडा पडलेला असतो. कानातही कळा येतात. कानाला काही झालेले नसते. गळ्याला आणि कानाला जाणारी एक शीर सामाईक आहे, म्हणून गळ्याचे दुखणे कानात जाणवते. कानात तेल घालू नये.

पाचव्या ते दहाव्या दिवसांच्या सुमारास खपली सुटू लागते. दोन आठवड्यांनी बहुतेकांना नेहमीसारखे जेवता येते. जखम पूर्ण भरण्यास तीन-चार आठवडे लागतात. कर्करोगासाठी मांस अधिक काढले असेल तर याहूनही वेळ लागतो.

३. गिळणे थांबवू नये

या पाठात एकच गोष्ट ध्यानात ठेवावयाची असेल तर ती ही : दुखते म्हणून गिळणे थांबवू नये. रोगी थुंकीसुद्धा गिळण्यास भितो आणि उशाशी डबा घेऊन थुंकत बसतो. गिळले नाही की गळा कोरडा पडतो, खपली वाळून कडक होते, स्नायू आखडतात आणि दुखणे दुप्पट होते. मग पुढचा घोट आणखी अवघड जातो. याउलट प्रत्येक घोटाबरोबर जखम धुतली जाते आणि गळ्याचे स्नायू चालते राहतात.

दुखणे सोसून गिळा असे आम्ही म्हणत नाही. त्यासाठी औषध आहे. डॉक्टरांनी लिहून दिलेले वेदनाशामक औषध दुखू लागल्यावर नव्हे, तर घड्याळ लावून ठरल्या वेळी द्यावे, आणि जेवणाआधी अर्धा तास द्यावे म्हणजे जेवताना त्याचा गुण येतो. रात्रीची मात्रा चुकवू नये. पॅरासिटामॉल मोठ्या माणसाला २४ तासांत ४ ग्रॅमपेक्षा अधिक, म्हणजे ५०० मिलिग्रॅमच्या ८ गोळ्यांपेक्षा अधिक देऊ नये. वजन कमी असेल किंवा दारूने यकृत बिघडलेले असेल तर ही मर्यादा आणखी खाली येते. ती डॉक्टरांना विचारून ठरवावी.

दुकानातून आपल्या मनाने अंगदुखीच्या गोळ्या आणू नयेत. ॲस्पिरिनने रक्त पातळ होते आणि जखम वाहण्याचा धोका वाढतो. इतर काही वेदनाशामक गोळ्या मूत्रपिंडावर ताण देतात. पुढे सिसप्लॅटिनसारखे औषध घ्यावयाचे असेल तर मूत्रपिंड धड असणे फार महत्त्वाचे आहे. हृदयविकारासाठी रक्त पातळ करणारी गोळी आधीपासून चालू असेल तर ती केव्हा थांबवावी व केव्हा पुन्हा सुरू करावी, हे डॉक्टरच सांगतील.

दिवसभरात दोन ते अडीच लिटर पातळ पदार्थ पोटात जावेत. हृदयाचा किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर प्रमाण विचारून घ्यावे. एकदम पेलाभर पिणे जमत नाही. तांब्या-भांडे जवळ ठेवून दर दहा-पंधरा मिनिटांनी दोन घोट घ्यावेत. लघवी फिकट पिवळी होत असेल तर पाणी पुरेसे आहे असे समजावे; गडद होत असेल तर कमी पडते आहे. बर्फ चघळल्याने बरे वाटते, पण तो उकळून गार केलेल्या पाण्याचा घरी केलेला असावा, गाडीवरचा नको.

या दिवसांत जोरजोराने गुळण्या करू नयेत. तुरटी, लवंगेचे तेल, हळदीचा लेप असले उपाय जखमेवर करू नयेत. एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात चहाचा एक चमचा मीठ व एक चमचा खाण्याचा सोडा घालून ते पाणी तोंडात हळूच खेळवावे आणि टाकावे.

४. रक्त आले तर

शस्त्रक्रियेनंतर पहिल्या २४ तासांत रक्त येऊ शकते, पण तेव्हा रोगी इस्पितळात डॉक्टरांच्या नजरेखाली असतो. दुसरा धोका पाचव्या ते दहाव्या दिवसांत, खपली सुटताना असतो. तेव्हा रोगी घरी असतो आणि घरचे लोक बेसावध झालेले असतात. म्हणून हे दिवस पंचांगावर खूण करून ठेवावेत.

तोंडातून ताजे लाल रक्त आले, मग ते थांबलेले दिसले तरी, इस्पितळ गाठावे. पुष्कळदा आधी थोडे रक्त येऊन थांबते आणि काही तासांनी मोठा रक्तस्राव होतो. "सकाळी बघू" असे म्हणू नये. रोग्याला उताणा निजवू नये. बसवून थोडे पुढे वाकवावे, रक्त गिळू न देता थुंकू द्यावे. थंड पाण्याने तोंड हळूच खळखळावे किंवा बर्फाचा खडा चघळावयास द्यावा. खाणेपिणे थांबवावे, कारण बेशुद्ध करून रक्त थांबविण्याची वेळ येऊ शकते. रोग्याने स्वतः मोटारसायकल चालवू नये. १०८ क्रमांकाला फोन करावा किंवा मिळेल ते वाहन करावे.

आपल्या खानापूर तालुक्यातील कित्येक वाड्या जंगलात आहेत. पावसाळ्यात ओढे भरले की वाट बंद होते. अशा गावच्या रोग्याने पहिले दोन आठवडे बेळगावात किंवा मोठ्या इस्पितळापासून जवळ असलेल्या नातलगाकडे राहावे. नातलगाकडे राहणे संकोचाचे वाटते, पण या कामी संकोच करू नये.

रक्ताखेरीज पुढील लक्षणे दिसली तरीही लगेच दाखवावे : दिवसभर पाणीही गिळता न येणे, आठ-दहा तास लघवी न होणे, श्वासाला अडथळा, मान सुजणे, १०१ अंशांवर ताप.

५. काय खावे?

तिखट, आंबट आणि खरखरीत हे तीन प्रकार वर्ज्य. मिरचीची चटणी, लोणचे, कोकमची कढी, लिंबू, टोमॅटो, चिवडा, पापड आणि भाकरीचा कडक पापुद्रा नको. चहा पिण्यास हरकत नाही, पण कोमट करून. आपल्या घरी जे पिकते त्यातच रोग्याचे अन्न आहे : तांदळाची पेज, गुरगुट्या भात, नाचणीच्या सत्त्वाची दूध घालून केलेली खीर, उकडून कुस्करलेले रताळे, पिकलेले केळे, मुगाचे घोटलेले वरण, दुधात भिजवून मऊ केलेली चपाती, पूर्ण शिजवलेले मऊ अंडे, काटे काढून कुस्करलेला मासा. जसजसे जमेल तसतसे चावून खावे. चावण्यानेही गळ्याचे स्नायू मोकळे होतात.

केवळ पेज पिऊन जखम भरत नाही. जखम भरण्यास प्रथिने लागतात. साधारण हिशेब असा, की कर्करोगाच्या रोग्याला दर किलो वजनामागे दिवसाला १.२ ते १.५ ग्रॅम प्रथिने हवीत. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ७२ ते ९० ग्रॅम. आता घरातले अन्न मोजून पाहू. एक लिटर दुधात सुमारे ३२ ग्रॅम. तीन अंड्यांत १८. दोन वाट्या घट्ट वरणात (६० ग्रॅम डाळ) १४. पाव किलोपेक्षा थोड्या कमी गोड दह्यात ७. बेरीज ७१ झाली. पेज, भात आणि नाचणी यांतून उरलेली भर पडते. महागड्या डब्यांतील पावडरीवाचून, गोठ्यातील दूध आणि खुराड्यातील अंडी यांवर काम भागते. मात्र गोठ्यातले दूध विकून रोग्याला चहापुरते ठेवावयाचे, असे करू नये. मधुमेह किंवा मूत्रपिंडाचा विकार असेल तर हा हिशेब आहारतज्ज्ञाला विचारून करावा.

दर आठवड्याला एकाच काट्यावर वजन करून वहीत लिहून ठेवावे व ती वही डॉक्टरांना दाखवावी.

६. शेतावर केव्हा जावे?

दोन आठवडे जड उचलणे, खणणे, पोती वाहणे, पंप खांद्यावर घेणे बंद. जोर लावला की गळ्यातील शिरांवर दाब येतो. मळणीची धूळ, चुलीचा धूर, फवारणी यांपासून दूर राहावे. घरात हळूहळू चालणे चांगले. दोन आठवड्यांनी डॉक्टरांनी गळा पाहून परवानगी दिली की हलकी कामे सुरू करावीत. मानेतील गाठीही काढल्या असतील तर खांदा जड पडतो. त्यासाठी शिकवलेला व्यायाम रोज करावा.

७. पुढची तारीख चुकवू नये

काढलेला टॉन्सिल तपासणीला जातो आणि त्याच्या अहवालावर पुढचे ठरते. रोग पूर्ण निघाला असेल तर काहींना केवळ देखरेख पुरते. पुष्कळांना मात्र किरणोपचार आणि काहींना त्याबरोबर औषधांचे डोस लागतात. शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार शक्यतो सहा आठवड्यांच्या आत सुरू व्हावेत, असे डॉक्टर पाहतात. आठवड्यातून पाच दिवस, असे सहा-सात आठवडे ते चालतात.

नेमकी येथेच शेतकऱ्याची अडचण होते. गळा भरून आलेला असतो, जेवण जाऊ लागते, मानेची गाठही गेलेली असते. तेवढ्यात काजूचा हंगाम येतो किंवा उसाला तोड मिळते आणि रोगी म्हणतो, "एवढे उरकून जातो." मधल्या काळात उरलेल्या पेशी पुन्हा वाढतात. उपचार सुरू झाल्यावर मध्येच दिवस बुडविले तरी तेच नुकसान होते. जखम भरली म्हणजे रोग गेला असे नव्हे. ऊस वाळला तर पुढच्या वर्षी लावता येतो.

किरणोपचाराच्या दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून तोंड येते, चव जाते, लाळ आटते आणि गिळणे पुन्हा अवघड होते. म्हणून आधीच्या आठवड्यांत अंगावर धरलेले मांस ही पावसाळ्यापूर्वी करून ठेवलेली बेगमी समजावी. तेव्हाही घोट चालू ठेवावेत. गिळण्याचे व तोंड उघडण्याचे व्यायाम शिकवतात, ते रोज करावेत. स्वतःची तीन बोटे उभी दातांत मावतात का, हे पाहत जावे. वजन फार उतरले तर डॉक्टर नाकातून किंवा पोटातून नळी घालतात. नळी म्हणजे शेवट आला असे मानू नये. ती बहुधा काही आठवड्यांचीच सोबत असते.

किरणोपचार सुरू होण्यापूर्वी दातांच्या डॉक्टरांकडे जावे. काढावयाचे दात आधीच काढून जखम भरू द्यावी. किरणांनंतर दात काढल्यास जबड्याचे हाड चिघळण्याचा धोका असतो. म्हणून पुढे आयुष्यभर दात काढण्यापूर्वी "मला किरण दिले आहेत" असे सांगावे. औषधांचे डोस चालू असताना १००.४ अंश ताप आला तरी त्याच रात्री इस्पितळ गाठावे.

तंबाखू आणि मशेरी आता बंदच. त्यांनी जखम उशिरा भरते आणि किरणांचा गुणही कमी येतो. निपाणी भागात तंबाखू हे पिढ्यान्‌पिढ्यांचे नगदी पीक आहे हे आम्ही जाणतो. पण ते पिकविणाऱ्याच्या घरीही रोग्यासमोर चंची उघडू नये.

खर्चाच्या भीतीने कोणी घरी बसू नये. २०१८ साली सुरू झालेल्या आयुष्मान भारत योजनेत पात्र कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंतचे उपचार मिळतात. रेशनकार्ड व आधारकार्ड घेऊन इस्पितळातील योजनेच्या खिडकीवर आधी चौकशी करावी.

८. घरच्यांनी व शेजाऱ्यांनी

कर्करोग एका ताटात जेवल्याने लागत नाही. बाहेरच्या यंत्राने दिलेले किरण अंगात राहत नाहीत. रोग्याने नातवंडाला मांडीवर घेण्यास काही हरकत नाही. त्याचे ताट-वाटी वेगळे काढून त्याचे मन दुखवू नये. बोलताना त्याला त्रास होतो, म्हणून भेटीला जाणाऱ्यांनी थोडा वेळ बसावे आणि प्रश्न कमी विचारावेत. पाटी-पेन्सिल किंवा वही जवळ ठेवावी.

गिळता येत नाही म्हणून काही आजारी मिस्साला येण्याचे टाळतात. त्यांनी आम्हांला अवश्य कळवावे. ज्याला भाकर गिळता येत नाही त्याला केवळ द्राक्षारसाच्या रूपाने पवित्र कम्युनियन देता येते. आजाऱ्यांना व त्यांची शुश्रूषा करणाऱ्यांना कम्युनियनपूर्व एक तासाच्या उपवासाचे बंधन नाही. उपवासकाळातही आजाऱ्याने दूध-अंडी सोडू नयेत. तेलाभ्यंगाचा संस्कार केवळ मरणाऱ्यासाठी नाही, मोठ्या शस्त्रक्रियेपूर्वीही तो घेता येतो. ३ फेब्रुवारीला संत ब्लेझच्या सणाला आपण गळ्यावर आशीर्वाद घेतो. त्याच दिवशी घरातल्या कोणाचा आवाज किंवा गळा तीन आठवड्यांहून अधिक बिघडला आहे का, हेही विचारावे आणि असल्यास त्याला डॉक्टरांकडे न्यावे.

सर्वांत मोठी मदत शेतावरची आहे. पेरणीला व कापणीला आपण एकमेकांकडे पैऱ्याने जातो. तसेच किरणोपचाराच्या सात आठवड्यांत रोग्याचे पाणी पाजणे, काजू वेचणे, गुरे सांभाळणे हे वाडीतील चार घरांनी वाटून घ्यावे. शेत सांभाळले जाते आहे हे कळले की माणूस इस्पितळात निश्चिंतपणे थांबतो, आणि उपचार पुरा होतो.

उजळणीसाठी प्रश्न

(१) जखमेवरची पांढरी साय म्हणजे काय? ती का काढू नये?
(२) रक्त येण्याचा धोका घरी कोणत्या दिवसांत अधिक असतो? तेव्हा रोग्याला कसे बसवावे?
(३) वेदनाशामक औषध जेवणाआधी किती वेळ द्यावे?
(४) तुमच्या घरातील अन्नातून दिवसाला किती ग्रॅम प्रथिने मिळतात, याचा हिशेब मांडा.
(५) तुमच्या वाडीत आज कोणी उपचार घेत असेल, तर त्याच्या शेतावरचे कोणते काम तुम्ही या आठवड्यात कराल?